रिकाम्या रकान्यातली साखर

फोन वाजला तेव्हा निनाद हुपरीकरनं आधी गॅस बघितला. मग वॉशिंग मशीन बघितलं. मग बेल वाजली असेल म्हणून दारही उघडून बघितलं. शेवटी टेबलावर पालथा पडलेला फोन थरथरताना दिसला तेव्हा त्याला कळलं, की हा आपल्याच फोनचा आवाज. ऐकून बरेच दिवस झाले होते.

दुपारचे अडीच वाजले होते. तिकडून एका बाईंनी गोड आवाजात सांगितलं, की तुमच्या पेशंटना डिस्चार्ज मिळालाय, डावा गुडघा छान बसलाय, चारपर्यंत येऊन घेऊन जा.

राँग नंबर आहे, असं निनाद म्हणाला. बाईंनी त्याचं नाव वाचून दाखवलं, नंबर वाचून दाखवला, मिरजेतल्या फ्लॅटचा पत्ता मजल्यासकट वाचून दाखवला. पेशंटचं नाव श्रीमती शालन मगदूम, वय चौऱ्याहत्तर. तुम्ही जवळची व्यक्ती म्हणून लागलेले आहात.

"मी त्यांचा कोणी नाही," निनाद म्हणाला.

"सगळे असंच म्हणतात, सर," बाई म्हणाल्या. "बिल झालेलं आहे. फक्त न्यायचंय."

निनाद खुर्चीत बसला. बसता बसता त्याला दोन-अडीच आठवड्यांपूर्वीचा एक शुक्रवार आठवला, आणि कढईतले पोहे तसेच राहिले.

आता त्या शुक्रवारी काय झालं ते सांगायचं, तर आधी गाठोडं म्हणजे काय ते सांगायला हवं.

तोवर राज्यात प्रत्येकाच्या मनगटावर एक पट्टा आलेला होता. माणसाचं सगळं त्या पट्ट्यात. औषधं कुठली, चहात साखर किती, ऐकायला कुठल्या कानानं कमी येतं, झोप कधी लागते. माणूस कुठेही गेला, दवाखान्यात, बँकेत, नुसता लिफ्टमध्ये, की पट्टा त्याची सगळी माहिती बांधून तिथल्या यंत्राला द्यायचा आणि यंत्र ती सोडून बघायचं. लिफ्ट न सांगता आपल्या मजल्यावर थांबायची. चहाचं मशीन मधुमेहवाल्याला बिनसाखरेचा चहा द्यायचं आणि वर खरं कारणही सगळ्यांदेखत सांगायचं.

यंत्राच्या डोक्यात माहिती असते ती घरातल्या सामानासारखी. चष्मा फ्रिजवर, छत्री दाराच्या मागं, ज्याचं त्याला सापडतं. पण तेच सामान दुसऱ्या गावी धाडायचं तर असं पसरलेलं धाडता येत नाही. ते एका रांगेत लावायचं आणि प्रत्येक वस्तूला चिठ्ठी चिकटवायची. हे नाव, इतक्या अक्षरांचं. हा आकडा. ही औषधांची यादी, आत तीन वस्तू, मोजून घ्या. सगळ्याची मिळून एक लांबलचक ओळ होते. पलीकडचं यंत्र एकेक चिठ्ठी वाचत सामान परत जिथल्या तिथं मांडतं. या बांधण्या-सोडण्याला निनादच्या, म्हणजे प्रोग्राम लिहिण्याच्या धंद्यात मोठमोठी इंग्रजी नावं होती. सरकारनं त्यासाठी एक महामंडळ काढलं आणि त्या सगळ्या नावांचं एका शब्दात गाठोडं करून टाकलं.

एकच गोष्ट गाठोड्यात बांधता येत नाही. जे चालू आहे ते. फोनचा नंबर बांधता येतो, फोनवरचं बोलणं नाही. ते पलीकडं पोचल्यावर ज्याचं त्यानं नव्यानं सुरू करायचं असतं. महामंडळाच्या माहितीपुस्तिकेत हे वाक्य निनादनंच लिहिलं होतं, आणि लिहिल्यावर पुन्हा कधी वाचलं नव्हतं.

महामंडळानं त्याला घेतलं होतं ते एका अडचणीपायी. पट्टे नवे कोरे होते, पण तीन जिल्ह्यांतल्या दवाखान्यांची यंत्रं पंचवीस वर्षं जुन्या प्रोग्रामवर चालायची. तो प्रोग्राम लिहिणारा मूर्ख कोण म्हणून शोध घेतला तर तो निनाद निघाला. बावीस वर्षांचा असताना लिहिला होता. त्या प्रोग्रामला एक खोड होती. रकाना रिकामा आला, की त्याला समजायचं नाही की हे खरंच रिकामं आहे, की कोणी विचारलंच नाही, की सामान वाटेत सांडलं. मग तो रुसून सगळं गाठोडंच नाकारायचा. आणि लोकांनी तर निम्मे रकाने कोरे सोडलेले. सोमवारी उद्घाटन होतं.

निनादला त्या शुक्रवारी आई आठवली. आई जाऊन चार वर्षं झाली होती. शेजारच्यांकडून वाटीत काही आलं, तर ती वाटी आई कधी रिकामी परत पाठवायची नाही. घरात काहीच नसलं तर चिमूटभर साखर घालायची, पण रिकामी नाही. निनादनं तेच प्रोग्रामला शिकवलं. जिथं शब्द हवा आणि रकाना रिकामा, तिथं 'साखर' लिही. जिथं आकडा हवा, तिथं एक.

'जवळची व्यक्ती' या रकान्यात मात्र साखर चालेना. कारण पट्टा गाठ मारायच्या आधी त्या व्यक्तीच्या पट्ट्याला विचारायचा, 'आहेस का?' तिकडून 'आहे' असं आलं तरच गाठ बसायची. म्हणजे खरं नाव आणि खरा, चालू नंबर हवा. निनादला पाठ असलेला जगात एकच नंबर होता, स्वतःचा. त्यानं तो टाकला. चाचणीपुरता. सोमवारी सकाळी काढू. आणि तसंही, हा रकाना रिकामा ठेवणारं असतं कोण?

सोमवारी सकाळी मंत्री वेळेवर आले. असं कधी होत नाही, त्यामुळे काढायचं राहून गेलं.

पहिला आठवडा साखरेचा गेला. आवडीचा पदार्थ कोरा सोडलेल्या दोनशे पेशंटना सकाळी ताटलीतून साखर आली. धर्माच्या रकान्यात साखर बघून एका दवाखान्यानं प्रार्थनेची सोय कुठल्या दिशेला करायची असं लेखी विचारलं. वजनाचा रकाना कोरा ठेवणाऱ्या एका पैलवानाला एक किलोचा समजून यंत्रानं बाळंतविभागातल्या काचेच्या पेटीकडं पाठवलं, आणि तिथल्या नर्सनं त्याला परत पाठवायच्या आधी सही मागितली. सगळ्यात कहर झाला तो एका निवृत्त ग्रंथपालाचा. व्यवसाय कोरा, म्हणून व्यवसाय साखर. त्या भागात साखर म्हटल्यावर यंत्रानंही ओळखायचं ते ओळखलं. ग्रंथपालाला कारखान्याचा चेअरमन समजून एसी खोली, हार, आणि दाराबाहेर निवेदनं घेऊन आलेली चाळीस माणसं. त्यानं म्हणे दोन रस्ते मंजूरही केले.

पुण्याहून वर्तक मॅडमचा फोन आला. त्या महामंडळाच्या प्रमुख. साखर काढा, एवढंच म्हणाल्या. निनादनं दोन दिवसांत साखर काढली. जवळच्या व्यक्तीबद्दल कोणी काही बोललं नाही, त्यामुळे त्यालाही आठवलं नाही. ज्यांना कोणी नाही, त्यांच्या वतीनं तक्रार करायला येणार तरी कोण?

आता फोन ठेवून त्यानं यादी काढली. जवळची व्यक्ती, निनाद हुपरीकर. एकूण अकरा हजार सहाशे एकोणचाळीस.

तो जिन्यानं खाली उतरला. लिफ्ट दोन आठवडे बंद होती. म्हणजे ती आपल्यासाठीच बंद आहे हे त्याला माहीत नव्हतं. बाकीचे वापरत होते, पण तसं सांगण्याइतकं कोणी त्याच्याशी बोलत नव्हतं. बायको, गार्गी, सात वर्षांपूर्वी सोडून गेली. भांडण नव्हतं. भांडण असतं तर निदान कधीमधी बोलणं झालं असतं.

दवाखान्याच्या फाटकावर त्यानं पट्टा यंत्राला लावला. यंत्र विचारात पडलं. हिरवं होईना, लाल होईना. मागं रांग लागली. निनादनं पट्ट्याच्या पडद्यावर बघितलं. त्या अकरा हजार सहाशे एकोणचाळिसातला शेवटचा तोच होता. त्यानंही रकाना कोराच सोडला होता. त्यामुळे निनाद हुपरीकरची जवळची व्यक्ती निनाद हुपरीकर. पट्टा गाठ मारायच्या आधी स्वतःलाच विचारत होता, 'आहेस का?' आणि गाठ मारून होईपर्यंत त्याला उत्तर द्यायला सवड नव्हती, आणि उत्तर आल्याशिवाय गाठ मारता येत नव्हती. पडद्यावर नुसतं येत होतं, आहेस का, आहेस का, आहेस का.

फाटकाशी खुर्ची टाकून एक वॉचमन बसलेला होता, मुजावर म्हणून. यंत्र आल्यावरही युनियननं त्याची खुर्ची हलू दिली नव्हती. त्यानं बाजूचं लहान दार पायानं उघडलं.

"या आत," तो म्हणाला. "त्याचं काय ऐकताय."

शालन मगदूम कॉटवर नेसून तयार बसल्या होत्या. मांडीवर कापडी पिशवी, दोन्ही हात पिशवीवर, स्टँड यायच्या आधी बसतात तशा.

"आलास होय," त्या मोठ्यांदा म्हणाल्या. मग आवाज एकदम खाली आणला. "बस खाली. सिस्टर बघतीय."

निनादनं खुलासा सुरू केला. त्यांनी दोन वाक्यांत थांबवला.

"हे बघ, तू कोण मला माहीत न्हाई. पण मला कोण न्हाई हे मला चांगलं माहीत हाय. कागदावर ती जागा मीच कोरी सोडली हुती. मग ही म्हणत्यात, तुमचे निनाद येणार हैत. चार दिवस मी इचार करतीय, कोण बाबा ह्यो निनाद. आता आलायस तर सही कर. न्हाईतर मला आधारगृहात धाडतील, आणि तितं आठ वाजता दिवा घालवत्यात."

निनादनं सही केली. नातं या शब्दापुढं सिस्टरनं आपणच भाचा लिहिलं.

रिक्षात त्यानं त्यांना सगळं सांगितलं. शुक्रवार, आईची वाटी, साखर, अकरा हजार. मावशी इतक्या हसल्या, की नवा गुडघा धरून बसावं लागलं. मग विचारलं, तो पैलवान किती किलोचा होता. एकशे अठरा, निनाद म्हणाला. त्यावर आणखी हसल्या. आपल्यामुळं कोणी हसल्याचं त्याला शेवटचं कधीचं आठवतंय ते तो शोधत राहिला आणि घर आलं.

शालन मगदूम एसटीत सत्तावीस वर्षं कंडक्टर होत्या. नवरा त्याच डेपोत ड्रायव्हर. मूलबाळ नाही. नवरा गेल्यापासून एक खोली, एक स्वयंपाकघर, आणि भिंतीवर जुनी तिकिटांची पेटी. निनादनं तेव्हाच सांगितलं, की महिनाभरात चूक दुरुस्त करीन, तुम्हाला त्रास होणार नाही. मावशी म्हणाल्या, कर की, मी कुठं धरलंय.

पण दवाखान्याच्या यंत्राचं निनादला रोज पाच वाजता बोलावणं यायला लागलं. पेशंटनं गुडघा किती वाकवला? उत्तर दिल्याशिवाय ते सोडायचं नाही, दर दहा मिनिटांनी विचारायचं. मावशी फोन उचलायच्या नाहीत. मग निनाद जायचा. मावशी गुडघा वाकवायच्या आणि हा अंश मोजायचा. मग चहा. निघताना त्या म्हणायच्या, उद्या येऊ नको, उगीच रिक्षाला पैसे. आणि उद्या पाचला दार उघडंच असायचं.

इतरांचेही फोन सुरू झाले होते. जतच्या एका गृहस्थानं चष्मा हरवला, तर पट्ट्यानं निनादला कळवलं. कवठेमहांकाळच्या एकाची रक्तातली साखर वाढली, पेढे खाल्लेत का ते विचारा. निनादनं विचारलं. खाल्ले नव्हते, जिलेबी खाल्ली होती. पुढं अर्धा तास तो माणूस जिलेबी कुठल्या हलवायाची हे सांगत राहिला. एका बाईंचा रक्तदाब रात्री नीट यावा म्हणून यंत्र त्यांना सांगायचं, तुमच्या जवळच्या व्यक्तीशी बोला. त्या रोज संध्याकाळी साडेसातला फोन करून फक्त म्हणायच्या, काही नाही, मशीन म्हणालं म्हणून. आणि ठेवायच्या. निनाद साडेसातला फोन हातात घेऊन बसायला लागला.

दुरुस्ती करायची राहून जात होती. कारणं निघत होती.

मग एक जून उजाडला.

यादीतले बहुतेक म्हातारे, आणि त्या पिढीतल्या निम्म्या लोकांच्या आईबापांना जन्मतारीख लक्षात नव्हती. शाळेत नाव घालताना मास्तरांनीच एक जून घातला होता. गाठोड्यात एक सोय अशी होती, की वाढदिवसाला जवळच्या व्यक्तीला आठवण जावी आणि तिनं शुभेच्छा द्याव्यात. सकाळी सहाला निनादच्या फोनवर चार हजार एकशे बारा वाढदिवस आले. शुभेच्छा दिल्या नाहीत तर पट्टा पुन्हा आठवण करायचा. साडेआठला फोन इतका तापला, की निनादनं तो ताटलीत ठेवला. नऊला तीन जिल्ह्यांचं जाळं अडकलं. दहाला वर्तक मॅडमचा चेहरा पडद्यावर आला.

"हुपरीकर," त्या म्हणाल्या, "तुम्ही अकरा हजार लोकांचे कोण आहात?"

निनादनं सांगितलं. मॅडमनी डोळे मिटून ऐकलं. मग म्हणाल्या, आज संध्याकाळी सहापर्यंत तुमचं नाव सगळीकडून निघालं पाहिजे. जुन्या यंत्राला रिकामं समजत नाही ना, मग तिथं 'कोणी नाही' असं लिहा, तो शब्द चालेल असं मी करून घेते.

निनाद म्हणाला, 'कोणी नाही' असलेल्यांचं ऑपरेशन होत नाही. नियम आहे.

तो नियम दवाखान्यांचा आहे, आपला नाही, मॅडम म्हणाल्या, आणि पडदा काळा झाला.

पाच जूनला शालनमावशींचा उजवा गुडघा होता.

निनाद पाचच्या ऐवजी अकरालाच गेला. मावशी शेंगदाण्याची चटणी कुटत होत्या. त्यानं सगळं सांगितलं. शेवटी म्हणाला, की एकच करू शकतो, तुमच्यापुढं माझं नाव तसंच ठेवतो. एक नाव कोणाच्या लक्षात येणार नाही.

मावशींनी खलबत्ता थांबवला नाही. बाकीच्यांचं काय, असं विचारलं.

निनाद जमिनीवर सांडलेले दाणे वेचायला लागला.

"मिरज-जत गाडी," मावशी म्हणाल्या. "दोघांच्या शिटावर एकेकटाच बसायचा, शेजारी पिशवी ठिवून. मागं माणसं उभी. मी इचारत न्हवते ओळख हाय का, पाव्हणा हाय का. सरका म्हणायचे. कुरकुर करायची, पन सरकायची. आणि घाटात ब्रेक लागला, की तोच माणूस शेजारच्याला हात आडवा लावायचा." चटणी त्यांनी एका स्टीलच्या डब्यात भरली. "तुझ्याकडं किती रिकामी शिटं हैत?"

नियमात नातं कुठंच लिहिलेलं नव्हतं. जवळची व्यक्ती म्हणजे जी हो म्हणेल ती. निनाद डबा घेऊन जवळजवळ पळत घरी आला.

त्यानं यादी पत्त्यावार लावली आणि ज्याच्या त्याच्या सगळ्यात जवळ राहणाऱ्या दुसऱ्या एकट्याशी जोडी लावली. मग प्रत्येकाला निरोप गेला. आपली जवळची व्यक्ती म्हणून अमुक गल्लीतले अमुक चालतील का? त्यांना कोणी नाही. आपल्यालाही.

पहिली वीस मिनिटं काहीच आलं नाही. मग लोक बोलायला लागले. शाकाहारी आहेत का, असं सहाशे जणांनी विचारलं. घोरतात का, असं एकानं विचारलं. निनादनं कळवलं, की एकत्र राहायचं नाहीये. तरी माहीत असलेलं बरं, असं उत्तर आलं. तासगावकडचे दोन सख्खे भाऊ बांधावरून तीस वर्षं बोलत नव्हते, दोघांनीही रकाना कोरा सोडलेला, आणि घरं लागून, त्यामुळे यंत्रानं त्यांची जोडी लावली. मोठ्यानं कळवलं, तो चालत नाही. धाकट्यानं कळवलं, मला चालतोय. मग मोठ्यानं कळवलं, त्याला चालत असेल तर मला कोण काय विचारणार. साडेसातच्या बाईंची जोडी जिलेबीवाल्या गृहस्थांशी लागली. आता रोज त्यांना अर्धा तास ऐकावं लागणार होतं. रक्तदाबाचं काय होईल ते यंत्रालाच ठाऊक.

अडून बसलेल्यांच्या जोड्या बदलून बदलून साडेपाचला सगळं जुळत आलं. तेव्हा यंत्रानं सांगितलं, की एक माणूस उरतोय. अकरा हजार सहाशे एकोणचाळीस ही संख्या विषम होती, ते निनादच्या आधीच लक्षात यायला हवं होतं.

स्वतःला शालन मगदूमांशेजारी लावलं, तर कवलापूरच्या नेजकर बाई उरत होत्या. दहा तारखेला त्यांच्या हृदयाची झडप बदलायची होती. नेजकर बाई निवृत्त मुख्याध्यापिका, हल्ली मुक्काम मावशींच्याच मागच्या गल्लीत.

निनादनं स्वतःची माहिती उघडली. त्याचे गुडघे चांगले होते. झडपाही ठीक होत्या. पंधरा मिनिटं उरली असताना त्यानं शालन मगदूम यांच्यापुढं नेजकर लिहिलं, नेजकरांपुढं मगदूम, आणि स्वतःच्या रकान्यात 'कोणी नाही'.

दोघींचा होकार आला. त्याच्या स्वतःच्या पट्ट्यानंही लगेच गाठ मारली. महिनाभर जे 'आहेस का' चाललं होतं ते थांबलं. बाहेर कुठंतरी लिफ्ट तिसऱ्या मजल्यावर येऊन थांबल्याचा आवाज आला.

मग फोन शांत झाला. दोन तारखेला शांत, तीनला शांत. पाच वाजता गुडघा किती वाकला ते कोणी विचारलं नाही. मावशींचा मात्र दोन तारखेला एक निरोप आला होता. मला त्या नेजकर बाईशेजारी बसवलंस व्हय. सत्त्याण्णव साली सुट्ट्या पैशावरनं हिनं माझी डेपोत लेखी तक्रार केलती. निनादनं माफी मागणारं उत्तर लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं, आणि पाठवायचं राहिलं. साडेसातला तो सवयीनं फोन हातात घेऊन बसला.

चार तारखेला चटणी संपली. निनादनं डबा धुतला, पालथा घातला. डबा वाळला. संध्याकाळपर्यंत तो तिथंच पालथा होता आणि निनाद येताजाता त्याच्याकडं बघत होता.

पाच तारखेला दुपारी त्यानं कपाट उघडलं. आईचं साखरेचं भांडं होतं, अर्धं भरलेलं, आणि एक रव्याचा पुडा, ज्याच्यावरची तारीख त्यानं वाचायची नाही असं ठरवलं. शिरा त्यानं जन्मात केला नव्हता.

दवाखान्याच्या फाटकावर यंत्रानं त्याचं गाठोडं आता एका क्षणात सोडलं. सोडलं आणि लाल झालं. या पेशंटच्या यादीत आपण नाही. आपली जवळची व्यक्ती, कोणी नाही. हे त्यानं चहाच्या मशीनसारखं मोठ्या आवाजात सांगितलं. मागं रांग होती. निनाद बाजूला झाला.

मुजावरनं खुर्चीतून मान लांब केली. "हातात काय?"

"डबा."

"मग ते आधी सांगायचं की," मुजावर म्हणाला. "डब्याला कोण अडवतंय." त्यानं पायानं लहान दार उघडलं.

मावशींचा गुडघा सकाळीच झाला होता. नेजकर बाई शेजारी स्टुलावर बसून त्यांना पेपर वाचून दाखवत होत्या, आणि मावशी प्रत्येक बातमीला 'खोटं' म्हणत होत्या. निनाद दाराशी थांबला. आत जावं असं काही कारण त्याला सुचेना.

"आता उभा का?" मावशी म्हणाल्या. "सरका हो बाई थोडं, त्याला बसू दे."

नेजकर बाईंनी कुरकुर केली आणि सरकल्या.

मावशींनी डबा उघडला, बोटभर शिरा खाल्ला, डोळे मिटले. "किती साखर घातलीयस रं."

"होती तेवढी," निनाद म्हणाला.

दोघींनी तो शिरा सगळा खाल्ला, तक्रार करत करत. नेजकर बाई लेखी करते म्हणाल्या. मग बाईंनी डबा बेसिनवर विसळून आणला. निनाद म्हणाला, तुमचाच डबा, तुम्हाला परत द्यायला आलो होतो, येतो मी.

"आणि मी इतं कुठं ठिवू त्यो," मावशी म्हणाल्या. "मला हलता येत न्हाई. घेऊन जा. थांब, रिकामा न्हेतोस व्हय?" त्यांनी आजूबाजूला बघितलं. उशाशी दवाखान्यानं दिलेली एक मोसंबी होती. ती त्यांनी डब्यात टाकली, झाकण दाबून लावलं आणि डबा त्याच्या हातात दिला. त्याच्याकडं न बघता नेजकर बाईंना म्हणाल्या, "वाचा म्होरं."

निनाद निघाला. पावलागणिक डब्यात मोसंबी एका बाजूनं दुसऱ्या बाजूला गडगडत होती. रिक्षात त्यानं डबा मांडीवर ठेवला आणि त्याच्यावर दोन्ही हात ठेवले. बिल्डिंगखाली लिफ्ट दार उघडून उभी होती. तिनं त्याचं गाठोडं सोडलं, वाचलं, आणि न विचारता तिसऱ्या मजल्यावर नेलं.

घरात त्यानं डबा टेबलावर ठेवला, फोनशेजारी. फोन शांतच होता. स्वयंपाकघरात जाऊन त्यानं कपाट उघडलं आणि आतल्या भांड्यात बोट फिरवलं. साखर संपली होती. साडेसहा झाले होते. कोपऱ्यावरचं दुकान सातला बंद व्हायचं.

लिफ्ट अजून वरच होती. निनाद पिशवी घेऊन परत खाली उतरला.